सिझरची तारीख ठरवताना: आठवडे मोजायचे कुठून आणि थांबायचं कुठवर

सिझर करायचं हे ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो. मग तारीख कोणती? याचं उत्तर बहुतेक डॉक्टर एका आकड्यात देतात: ३९ आठवडे. आईला किंवा बाळाला दुसरी काही अडचण नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत ठरवून सिझर करू नये, असं ब्रिटनमधली 'नाइस' ही संस्था सांगते आणि अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना 'एकॉग'ही तेच सांगते.

आकडा सोपा आहे, पण त्याच्या आजूबाजूला बराच गोंधळ असतो. हे ३९ आठवडे मोजायचे कुठल्या दिवसापासून? पूर्ण झालेले की चालू असलेले? आणि 'दुसरी काही अडचण' म्हणजे नेमकं काय, ज्यामुळे ही तारीख पुढे-मागे होते?

सिझर करावं की करू नये, या वादात मी इथे शिरत नाही. आधीच्या सिझरचे टाके असतील, बाळ पायाळू असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा आईने सगळा विचार करून तोच मार्ग निवडला असेल. निर्णय झाला आहे, फक्त दिवस ठरायचा आहे, एवढं धरून पुढे जाऊ.

नववा 'लागला' म्हणजे किती झाले?

आपण सहज म्हणतो, "तिला नववा लागला." नववा लागला याचा अर्थ आठ पूर्ण झाले आणि नवव्याचा पहिला दिवस उजाडला. महिन्यांच्या बाबतीत हे सगळ्यांना कळतं. आठवड्यांचा विषय निघाला की मात्र गल्लत होते. "३९वा आठवडा चालू आहे" म्हणजे ३८ पूर्ण आणि वर काही दिवस. "३९ पूर्ण" म्हणजे त्याच्या पुढचा टप्पा. या दोहोंत एक ते सात दिवसांचं अंतर पडू शकतं आणि सिझरच्या तारखेत हेच दिवस मोलाचे असतात.

म्हणून फाईलवर ३८+४ किंवा ३९+० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पूर्ण झालेल्या आठवड्यांचा, दुसरा वरच्या दिवसांचा. घरात बोलतानाही असंच बोलायची सवय लावून घ्या. "कितवा आठवडा?" असं न विचारता "किती आठवडे आणि किती दिवस झाले?" असं विचारा.

महिन्यांच्या भाषेत तर आणखीच गंमत होते. चार आठवड्यांचा एक महिना धरला की ३६ आठवड्यांचे नऊ महिने होतात. मग कोणीतरी म्हणतं, "नऊ भरले की, आता कशाला थांबायचं?" पण कॅलेंडरचा महिना चार आठवड्यांहून मोठा असतो. ३६ आठवड्यांचं बाळ हे अजून अपुऱ्या दिवसांचंच बाळ असतं.

त्या मानाने आपला 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेब फारच जवळ जातो. फ्रान्झ कार्ल नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं एकोणिसाव्या शतकातलं सूत्र आजही जगभर वापरतात: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे साधारण २८० दिवस, ४० आठवडे. आपल्या बोलण्यात दोनच दिवस जास्त आहेत.

मोजणी पाळीपासून सुरू होते, गर्भ राहिल्यापासून नव्हे, हेही ध्यानात असू द्या. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनंतर. फाईलवर ३९ आठवडे असतात तेव्हा बाळाचं खरं वय ३७ आठवड्यांच्या आसपास असतं. हे सूत्र पाळी २८ दिवसांची धरतं. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिच्याकडे बीज आठवडाभर उशिरा सुटतं आणि सगळा हिशेब तेवढा सरकतो.

एक फाईल उघडून पाहू

समजा, एका बाईची शेवटची पाळी १ जानेवारीला आली. सूत्राप्रमाणे तिची प्रसूतीची तारीख ८ ऑक्टोबर येते. त्यातून एक आठवडा वजा केला की ३९ आठवडे पूर्ण होण्याचा दिवस मिळतो, १ ऑक्टोबर. सिझर आधीपासून ठरलेलं आहे, म्हणून कोणीतरी फाईलवर १ ऑक्टोबर लिहून ठेवतं.

आता तीच फाईल मागे उलटा. ५ मार्चला पहिली सोनोग्राफी झाली होती. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी बरोबर ९ आठवडे भरत होते. पण डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजलेल्या लांबीवरून गर्भ निघाला ७ आठवडे ६ दिवसांचा. आठ दिवसांचा फरक. ९ आठवडे पूर्ण झाल्यापासून १४ पूर्ण होईपर्यंतच्या सोनोग्राफीत सात दिवसांहून जास्त फरक निघाला, तर पाळीची तारीख बाजूला ठेवून सोनोग्राफीची धरायची, असा 'एकॉग'चा नियम आहे. त्याहून आधीच्या सोनोग्राफीसाठी ही मर्यादा पाच दिवसांची आहे. म्हणजे या बाईची प्रसूतीची तारीख १६ ऑक्टोबर झाली आणि ३९ आठवडे पूर्ण होतात ते ९ ऑक्टोबरला.

मग १ ऑक्टोबरला बाळ किती दिवसांचं असेल? ३७ आठवडे ६ दिवसांचं. कोणीही मुद्दाम घाई केलेली नाही, सगळ्यांनी '३९ पूर्ण' याच नियमाने दिवस काढला आणि तरी बाळ ३८ आठवड्यांच्याही आत बाहेर येणार. म्हणून तारीख पक्की करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: ही तारीख कशावरून काढली आहे, पाळीवरून की पहिल्या सोनोग्राफीवरून?

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीला एवढा मान का? त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. लांबी मोजली की वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगाने वाढतं, एखादं थोराड, एखादं बारीक. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने काढलेलं वय तीन आठवड्यांनीसुद्धा चुकू शकतं. तरीही ३५-३६ आठवड्यांच्या रिपोर्टवर मशीन एक नवी तारीख छापतं आणि ती आधीच्या तारखेच्या अलीकडची असली की घरात चर्चा सुरू होते, "बाळ पुढे गेलंय, तारीख अलीकडे घ्यायला हवी." बाळ पुढे गेलेलं नसतं, फक्त मोठं असतं. सुरुवातीला एकदा ठरलेली तारीख नंतरच्या रिपोर्टवरून बदलायची नसते.

गर्भधारणा टेस्ट ट्यूबच्या उपचाराने झाली असेल, तर गर्भ पिशवीत सोडल्याचा दिवस आणि त्या दिवशीचं त्याचं वय माहीत असतं. त्यावरून निघालेली तारीख सर्वांत भरवशाची. याउलट, २२ आठवड्यांच्या आत एकही सोनोग्राफी झालेली नसेल, तर वयाचा अंदाज कच्चा आहे असंच धरतात आणि तारीख जास्त जपून ठरवतात.

एवढं थांबायचं ते कशासाठी?

मुख्यतः फुप्फुसांसाठी. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. ते बाहेरून शिरलेलं नसतं. फुप्फुसं स्वतःच ते तयार करतात आणि त्यानेच ती फुगून वाढतात. जन्मानंतर काही मिनिटांत तिथे हवा भरायची असते, म्हणून हे पाणी झटपट निघून जावं लागतं.

पाणी जातं कुठे? जन्ममार्गातून येताना छाती दाबली जाते आणि पाणी पिळून निघतं, असं पूर्वी सांगत. त्याने थोडंसं निघतं, हे खरं. पण खरं काम आतच होतं. दिवस भरत येतात आणि कळा सुरू होतात, तसं बाळाच्या रक्तात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढू लागतं. त्या इशाऱ्यावर फुप्फुसाच्या पेशी आपलं काम उलटं करतात. आजवर पाणी सोडत होत्या, त्या आता मीठ आत ओढू लागतात आणि मिठामागे पाणीही शोषलं जातं. ज्या बाळाला कळांचा अनुभव मिळतो त्याची ही तयारी जन्माआधीच बरीचशी झालेली असते. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळा आलेल्याच नसतात. बाळ शांत झोपेत असतं आणि एकदम दिव्यांच्या उजेडात येतं. जितके दिवस कमी, तितक्या त्या पेशी कच्च्या आणि तितकं पाणी मागे राहतं.

अशा बाळाकडे पहिल्या तासात पाहिलं तर ते लगेच कळतं. रंग बरा असतो, रडलेलंही असतं, पण श्वास फार भरभर चाललेला असतो. नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेतं. हे ८० घेतं, कधी १००. नाकपुड्या फुलतात, दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो. एवढी धाप लागलेल्या बाळाला अंगावर पाजता येत नाही. मग त्याला नवजात अतिदक्षता विभागात नेतात, ऑक्सिजन लावतात, सलाईन लावतात. "बाळाला काचेत ठेवलंय" हे वाक्य नातेवाइकांच्या फोनवर फिरू लागतं. टाके ओले असलेली आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या.

बहुतेक बाळं एक ते तीन दिवसांत सावरतात आणि मागे काही राहत नाही. मोजक्या बाळांत मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या उघडतच नाहीत आणि प्रकरण गंभीर होतं.

फुप्फुसांखेरीज बाकीचंही बरंच चालू असतं. शेवटच्या आठवड्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. ३५ आठवड्यांना त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोनतृतीयांश असतं. यकृतात साखरेचा साठा आणि कातडीखाली चरबी याच दिवसांत जमते. म्हणून लवकर आलेल्या बाळाची साखर उतरते, अंग गार पडतं, कावीळ जास्त होते आणि दूध ओढता ओढताच ते झोपून जातं.

आकडे काय म्हणतात

आधी सिझर झालेल्या आणि पुन्हा ठरवून सिझर केलेल्या बायकांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अमेरिकेतल्या १९ केंद्रांवरच्या १३,२५८ प्रसूती त्यात होत्या. श्वासाचा त्रास, साखर उतरणे, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात भरती अशा गोष्टींपैकी काही ना काही झालेली बाळं मोजली. ३७ आठवड्यांना ती शंभरात १५ होती, ३८ला ११, ३९ला ८. ३८ आठवड्यांच्या शेवटच्या तीन दिवसांत, म्हणजे ३८+४ ते ३८+६ या काळात जन्मलेल्या बाळांनाही ३९ पूर्ण केलेल्यांपेक्षा थोडा जास्त त्रास झाला.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. ३७ला झालेली शंभरातली ८५ बाळं ठणठणीत होती. तुमच्या ओळखीतलं बाळ ३७ला होऊन अगदी छान असेल, तर त्यात नवल काही नाही. आणि ३९ पूर्ण करूनही ८ बाळांना त्रास झालाच. आठवडे भरले म्हणजे हमी मिळाली असं नाही, धोका निम्म्यावर आला एवढंच.

उलट बाजूचाही एक अभ्यास आहे. डेन्मार्कमध्ये १,२७४ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाचं सिझर ३८+३ला आणि दुसऱ्याचं ३९+३ला. निकाल २०१३ मध्ये आला. अतिदक्षता विभागात गेलेली बाळं पहिल्या गटात शंभरात १३.९ आणि दुसऱ्यात ११.९. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे. म्हणून कोणाचं सिझर काही कारणाने ३८+५ला झालं तर छातीत धडकी भरवून घेऊ नये. ३९+० या दिवशी पहाटे बाळात काही जादू घडत नाही. धोका चढावरून हळूहळू उतरत येतो आणि ३९च्या सुमारास सपाटी लागते. कारण नसताना त्या चढावर असतानाच सिझर कशाला करायचं, एवढाच मुद्दा आहे.

मग ४० किंवा ४१ का नाही?

थांबणं एवढं चांगलं, तर आणखी थांबू, असं वाटणं साहजिक आहे. पण थांबण्यालाही किंमत असते.

पहिली किंमत म्हणजे कळा वाट पाहत नाहीत. ३९ आठवड्यांनंतरची तारीख दिलेल्या शंभरातल्या सुमारे दहा बायकांना त्याआधीच कळा सुरू होतात. तारीख जितकी पुढे न्याल, तितकी ही संख्या वाढते. डेन्मार्कच्या त्या अभ्यासातही उशिराच्या गटात अवेळी कराव्या लागलेल्या सिझरांचं प्रमाण जास्त होतं. कळा सुरू झाल्यावर केलेलं सिझर म्हणजे संकट असं नव्हे. पण ते रात्री अडीचला होऊ शकतं, पोट भरलेलं असू शकतं आणि हाताशी माणसं कमी असू शकतात. शिवाय गर्भपिशवीवर आधीचे टाके असतील, तर कळांचा ताण त्यांच्यावर येतो.

दुसरी किंमत बोलायला अवघड आहे. दिवस भरल्यानंतर पोटातच बाळाचे ठोके थांबण्याचा धोका दर आठवड्याला थोडाथोडा वाढतो. दीड कोटी गर्भधारणांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या हिशेबात ३७ आठवड्यांना तो हजारात ०.११ होता, ४२ला हजारात ३.१८. ३९च्या आसपास तो फारच लहान असतो. पण ज्या बाईचं सिझर होणारच आहे तिने ४१पर्यंत थांबून हा वाढता धोका घ्यावा असं कारण सहसा नसतं.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की ३९+० ते ३९+६ हा आठवडा पुढे येतो. अलीकडे फुप्फुसं कच्ची, पलीकडे कळा आणि तो वाढता धोका, असा हा मधला पट्टा आहे.

जेव्हा ३९ची वाट पाहायची नसते

आतापर्यंतचं सगळं 'दुसरी अडचण नसेल तर' या अटीवर होतं. अडचण असेल तर गणित बदलतं, कारण आता दुसऱ्या पारड्यात पोटात राहण्याचा धोका पडतो.

सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे वार खाली असणं. वारेने गर्भपिशवीचं तोंड झाकलं असेल, तर कळा सुरू होताच मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कळांची शक्यता वाढायच्या आतच, ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान सिझर करतात. आधीच्या सिझरच्या व्रणात वार रुतलेली असेल, तर आणखी अलीकडे, ३४ ते ३६च्या दरम्यान, आणि तेही रक्त आणि पूर्ण टीम तयार ठेवून. इथे बाळ थोडं कच्चं येणार हे सगळ्यांना माहीत असतं. आईचा जीव वाचवण्यासाठी तो धोका जाणून पत्करलेला असतो.

दुसरं उदाहरण आधीच्या छेदाचं. गर्भपिशवीवर खालच्या बाजूला आडवा छेद घेतला असेल, तर ३९ला हरकत नसते. पण तो वरच्या जाड भागात उभा घेतला असेल, तर तो कळांत उसवण्याची भीती बरीच जास्त असते. अशा वेळी ३६ ते ३७ आठवड्यांना सिझर करतात. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते: पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही. बाहेर आडवा आणि आत उभा असं असू शकतं. म्हणून मागच्या ऑपरेशनचा कागद शोधून ठेवा. डिस्चार्ज कार्डवरची दोन ओळींची नोंदसुद्धा तारीख दोन-तीन आठवडे हलवू शकते. गर्भपिशवीतल्या गाठी काढल्या असतील तर तो कागदही तितकाच महत्त्वाचा.

जुळ्यांच्या बाबतीत पाहायचं ते वारा किती आहेत आणि गर्भजलाच्या पिशव्या किती. दोन वेगळ्या वारा असतील तर 'एकॉग' ३८वा आठवडा पूर्ण झाल्यावरचा काळ सांगते, 'नाइस' ३७चा. वार एकच असेल तर तारीख आणखी अलीकडे येते. वार एक आणि पिशवीही एकच असेल, तर नाळा एकमेकींत गुंतण्याच्या भीतीने ३२ ते ३४च्या दरम्यानच बाळं बाहेर काढतात. दोन मोठ्या संस्थांचे आकडे इथे जुळत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांनी दुसरीकडे वाचलेल्या आकड्यापेक्षा वेगळी तारीख दिली, तर ती चूकच असेल असं समजू नका. कारण मात्र विचारा.

बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाऊ लागली तर साधारण ३७ आठवड्यांपलीकडे थांबत नाहीत, प्रकार तीव्र असेल तर ३४ झाले की पुरे मानतात. साखर गरोदरपणातच वाढली असेल पण पथ्यावर ताब्यात असेल, तर ३९च्या आत जायचं कारण नाही. बाळाची वाढ खुंटली असेल, तर त्याच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी पाहून दर आठवड्याला निर्णय होतो. तिथे आधीच ठरवलेल्या तारखेला फारसा अर्थ नसतो.

फुप्फुसाचं इंजेक्शन

"इंजेक्शन देऊ आणि ३७ला करून टाकू" हे वाक्य कानावर येतं. स्टेरॉइडची इंजेक्शनं फुप्फुसं लवकर तयार करतात हे खरं आहे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती जीव वाचवणारी आहेत. पण पूर्ण दिवसांच्या उंबरठ्यावरच्या बाळासाठी त्यांचा हिशेब वेगळा होतो. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत ठरवून केलेल्या सिझरआधी काहींना हे इंजेक्शन दिलं, काहींना नाही. श्वासाच्या त्रासामुळे भरती होणाऱ्या बाळांचा आठवड्यागणिक अंदाज असा निघाला: ३७ला इंजेक्शन न देता शंभरात ११.४, देऊन ५.२. ३९ला काहीही न देता १.५.

म्हणजे ३७ला इंजेक्शन घेऊन जेवढा फायदा होतो, त्यापेक्षा नुसतं थांबून कितीतरी जास्त होतो. शिवाय या इंजेक्शनाने बाळाची साखर उतरू शकते आणि आईला मधुमेह असेल तर तिची चढते. लवकर सिझर करणं अटळ असेल तेव्हा ते जरूर द्यावं. लवकर करता यावं म्हणून ते देणं मला तरी पटत नाही.

जी कारणं कारणं नसतात

"बाळ आताच तीन किलोचं आहे, मग काय हरकत?" वजन म्हणजे वय नव्हे. ३७ आठवड्यांचं तीन किलोचं बाळ ३७ आठवड्यांचीच फुप्फुसं घेऊन येतं. सोनोग्राफीतलं वजनही अंदाजाचंच असतं. पूर्वी गर्भजल काढून फुप्फुसं पिकली का ते तपासत. तसा रिपोर्ट चांगला आला म्हणून ३९च्या आत ठरवून प्रसूती करू नये, असं आता सांगितलं जातं, कारण फुप्फुसं तयार दिसली तरी बाकीचं शरीर तयार असतंच असं नाही.

आईचं अवघडलेपण, पाठ, सुजलेले पाय, तुटक झोप हे सगळं खरं असतं आणि शेवटचे दहा दिवस लांबता लांबत नाहीत. त्याला कोणी 'नखरे' म्हणू नये. पण त्यावर आराम आणि उपचार शोधावेत. तारीख अलीकडे ओढणं हा त्यावरचा उपाय नाही.

३९+० ते ३९+६ या आठवड्याच्या आत मात्र सोयीने दिवस निवडायला काहीच हरकत नाही. दिवसाची वेळ असावी, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ जागेवर असावेत, रक्ताची सोय झालेली असावी, घरी मोठ्या मुलाकडे पाहायला कोणी असावं. ही कारणं क्षुल्लक नाहीत.

एक प्रश्न डॉक्टरांपुढे उघडपणे मांडण्यासारखा आहे. मागच्या वेळी तुम्हाला ३८ आठवड्यांनाच कळा आल्या होत्या का? तीन-चार सिझर झाली आहेत का? रुग्णालय फार लांब आहे का? अशा वेळी काही डॉक्टर ३८+४, ३८+५ असा दिवस सुचवतात. त्यात बाळाचा थोडा धोका वाढतो आणि आईचा कमी होतो. हा सौदा कोणी तुमच्या वतीने गुपचूप करू नये. तो तुमच्यासमोर बोलून व्हावा.

तारखेच्या आधीच काही झालं तर

दहातली एक तुम्हीही असू शकता, म्हणून तारीख मिळते त्याच दिवशी हेही विचारून ठेवा: त्याआधी कळा आल्या तर कुठे फोन करायचा, रात्री कोण असतं, आणि तेव्हाही सिझरच करायचं की पुढे गेलेलं असेल तर नैसर्गिक प्रसूती चालेल? शेवटचा प्रश्न कळांमध्ये विचारायचा नसतो.

पाणी गेलं, रक्त दिसलं, कळा नियमित यायला लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. निघताना वेळ पाहून ठेवा आणि काही खाऊ नका. शेवटचं कधी खाल्लं, हे भूलतज्ज्ञ सर्वांत आधी विचारतात. ठरलेल्या दिवशी खाणं सहा तास आधी बंद होतं आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

आणि पायाळू बाळाचं

बाळ पायाळू आहे एवढ्याच कारणाने तारीख घेतली असेल, तर ही तारीख सगळ्यांत कच्ची समजा. दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात. ३६ आठवड्यांनंतर पोटावरून हात लावून बाळाला फिरवण्याचा प्रयत्न करता येतो आणि तो साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतो. याबद्दल तारीख घेण्याआधीच विचारायला हवं, नंतर नव्हे. काही बाळं तर कोणी हात न लावता शेवटच्या दिवसांत आपणहून फिरतात.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, सलाईन लावण्याआधी, पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्या. कोणी विसरलं तर आठवण करून द्या. बाई उपाशी असते, केस बांधलेले असतात, नवरा कपड्यांची पिशवी घेऊन दाराशी उभा असतो, पोटावर गार जेली लागते आणि पडद्यावर बाळाचं डोकं खाली दिसतं. मग ती उठते, पोट पुसते, काहीतरी खाते आणि पोटातल्या बाळाला घेऊन घरी जाते.